रामा राघोबा राणे

मेजर रामा राघोबा राणे (जन्म : २६ जून १९१८, चेंडिये, ता. कारवार, मृत्यू : ११ जुलै १९९४, पुणे) हे भारतीय सैन्याच्या अभियंता दलातील (कोअर ऑफ इंजिनिअर्स) अधिकारी आणि परमवीर चक्राचे मानकरी होते. १९४७-४८च्या भारत-पाकिस्तान युद्धात सेकंड लेफ्टनंट असताना त्यांनी ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत नौशेरा ते राजौरी या मार्गावरील सुरुंग काढले, झाडांचे व दगडमातीचे अडथळे फोडले आणि उद्ध्वस्त मोऱ्यांना वळसा घालणारे पर्यायी मार्ग तयार केले. त्यामुळे भारतीय रणगाड्यांना आणि पाठोपाठ येणाऱ्या पायदळाला राजौरीपर्यंत पोहोचता आले. हे काम त्यांनी जखमी अवस्थेत व शत्रूच्या माऱ्याखाली केले. परमवीर चक्र मिळवणारे ते अभियंता दलातील एकमेव सैनिक आहेत.

राणे यांचा पराक्रम इतर अनेक वीरांच्या पराक्रमाहून एका बाबतीत वेगळा ठरतो. त्यांच्या गौरवपत्रात एखाद्या ठाण्यावरील चढाईचे वा समोरासमोरच्या झुंजीचे वर्णन नाही. त्यात वेळा नोंदवलेल्या आहेत : काम किती वाजता सुरू झाले, किती वाजता संपले आणि मधल्या तासांत रस्ता किती पुढे सरकला. युद्धात अभियंत्याचे शौर्य म्हणजे काय असते, हे त्या नोंदींवरून समजते.

बालपण आणि शिक्षण

राणे यांचे मूळ गाव चेंडिये हे कारवारच्या दक्षिणेस समुद्रकाठी आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. कोकणी आणि मराठी बोलणाऱ्या या किनारपट्टीचे मुंबई-पुण्याशी नोकरी, शिक्षण आणि व्यापार यांमुळे जुने नाते होते. राणे यांचे पुढील आयुष्यही पुणे परिसराशी जोडले गेले.

त्यांचे वडील राघोबा राणे पोलीस खात्यात शिपाई होते. त्यांच्या वारंवार बदल्या होत, त्यामुळे रामा यांचे शालेय शिक्षण जिल्ह्यातील वेगवेगळ्या ठिकाणच्या शाळांत झाले. १९३० साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघाला. कारवारशेजारचे अंकोला हे मिठाच्या सत्याग्रहाचे एक प्रमुख केंद्र बनले होते. बारा वर्षांच्या रामा यांचे मन चळवळीकडे ओढ घेऊ लागले. सरकारी पोलिसाच्या घरातील मुलगा चळवळीत उतरणे ही त्या काळी काळजीची बाब होती. मुलाची ही ओढ पाहून वडिलांनी कुटुंब चेंडिये येथे परत आणले. दहा वर्षांनी त्यांनी सैन्याची वाट धरली.

सैन्यात प्रवेश

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतर ब्रिटिश भारतीय सैन्याचा झपाट्याने विस्तार होत होता. १० जुलै १९४० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, राणे बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या दलात भरती झाले. सॅपर म्हणजे युद्धात रस्ते, पूल, खंदक, तटबंदी, सुरुंग आणि स्फोटके यांची कामे करणारा सैनिक. अशा पलटणीला जुन्या मराठीत ‘सफरमैना’ म्हणत. या दलाचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आहे आणि आज ते बॉम्बे इंजिनिअर ग्रुप किंवा बॉम्बे सॅपर्स या नावांनी ओळखले जाते.

रंगरूट म्हणून प्रशिक्षण घेत असतानाच राणे यांची गुणवत्ता दिसून आली. आपल्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट रंगरूट म्हणून त्यांची निवड झाली आणि त्यांना कमांडंटच्या छडीचा मान मिळाला. त्यानंतर त्यांना नाईक या हुद्द्यावर बढती देण्यात आली. प्रशिक्षणानंतर त्यांची नेमणूक २६व्या पायदळ डिव्हिजनच्या २८ फील्ड कंपनीत झाली. ही डिव्हिजन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी सैन्याशी लढत होती.

ब्रह्मदेशातील आघाडी

ब्रह्मदेशाचा आराकान हा किनारी प्रदेश डोंगर, दाट जंगल, खाड्या आणि अतोनात पाऊस यांनी व्यापलेला आहे. तेथे सैन्याची हालचाल रस्ते व पूल यांवर अवलंबून असे, म्हणून अभियंत्यांवर कामाचा मोठा भार होता. सैन्य पुढे जाताना ते आधी जात आणि सैन्य मागे हटताना सर्वांत शेवटी निघत, कारण पूल, दारूगोळा आणि सामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती नष्ट करण्याचे काम त्यांच्याकडेच असे.

अशाच एका माघारीच्या वेळी राणे यांना दोन लहान तुकड्यांसह बुथिडाँग येथे मागे ठेवण्यात आले. तेथील दारूगोळ्याचे साठे उडवून देण्याचे काम त्यांच्याकडे होते. काम संपल्यावर ब्रिटिश नौदलाच्या जहाजातून त्यांनी बाहेर पडावे, अशी योजना होती. साठे नष्ट झाले, पण सुटकेची योजना फसली. जपानी गस्त असलेली नदी स्वतःच ओलांडण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. राणे यांनी आपल्या माणसांना गस्तीच्या नजरेतून चुकवून नदीपार नेले आणि बावली बाजार येथे ते डिव्हिजनला येऊन मिळाले. या कामगिरीनंतर त्यांना हवालदार करण्यात आले. मदत वेळेवर पोहोचली नाही तरी हाती असलेल्या माणसांनिशी काम तडीस नेण्याचा हा अनुभव त्यांना पाच वर्षांनी नौशेरा येथे उपयोगी पडला.

महायुद्धानंतरही ते सैन्यात राहिले. स्वातंत्र्यानंतर, १५ डिसेंबर १९४७ रोजी, त्यांना अभियंता दलात सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाले. साध्या रंगरुटापासून अधिकारीपदापर्यंतचा हा प्रवास साडेसात वर्षांत पूर्ण झाला. नवे अधिकारी म्हणून ते ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत रुजू झाले आणि चार महिन्यांच्या आत जम्मूच्या आघाडीवर उभे राहिले.

युद्धाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९४७मध्ये पाकिस्तानच्या पाठिंब्याने सशस्त्र टोळ्यांनी जम्मू-काश्मीर संस्थानावर आक्रमण केले. २६ ऑक्टोबर रोजी महाराजा हरिसिंह यांनी भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी भारतीय सैन्य विमानांनी श्रीनगरला उतरू लागले. काश्मीर खोऱ्यातील लढाई सुरू असतानाच दक्षिणेकडे, पीर पंजाल पर्वतरांगेच्या पायथ्याशी, पूंछ, राजौरी, झांगर आणि नौशेरा या भागांतही संघर्ष पेटला होता. नोव्हेंबरमध्ये राजौरी आक्रमकांच्या ताब्यात गेली. आसपासच्या खेड्यांतून तेथे आश्रयाला आलेल्या असंख्य स्त्री-पुरुषांचा बळी गेला.

२४ डिसेंबर १९४७ रोजी झांगरही हातचे गेले आणि नौशेरा हे भारतीय सैन्याचे या भागातील मुख्य ठाणे उरले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी शत्रूने नौशेऱ्यावर मोठा हल्ला केला. ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडने तो परतवून लावला. त्याच दिवशी तैनधार येथील चौकी लढवताना नाईक जदुनाथ सिंह यांना वीरमरण आले व त्यांना पुढे मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. मार्चच्या मध्यावर झांगर परत जिंकण्यात आले. त्यानंतर राजौरी मुक्त करण्याची मोहीम हाती घेण्यात आली.

नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारा रस्ता तवी नदीच्या खोऱ्यातून, डोंगरकडेने वळणे घेत जातो. हा जुन्या काळचा मोगल मार्ग होय. काश्मीरकडे जाणारे मोगल बादशहा याच वाटेने जात आणि वाटेवरील चिंगस येथे त्यांची सराई होती. काश्मीरहून परतताना १६२७ साली मरण पावलेल्या जहांगीर बादशहाची आतडी या सराईत पुरली, असे मानले जाते. तीनशे वर्षांनी हेच चिंगस राजौरीच्या वाटेवरील महत्त्वाचा टप्पा ठरले.

रस्ता अडवण्याची आणि उघडण्याची रीत

डोंगरातील एकच अरुंद रस्ता अडवायला फार मोठे सैन्य लागत नाही. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असेल, तर मधोमध पाडलेले एक मोठे झाडही वाहनांचा तांडा थांबवते. नौशेरा ते राजौरी या मार्गावर शत्रूने तीन प्रकारचे अडथळे केले होते. पहिला, चीडाची (देवदारासारख्या सूचिपर्णी जातीची) मोठी झाडे तोडून रस्त्यावर आडवी टाकणे. दुसरा, पाणी वाहून जाण्यासाठी रस्त्याखाली बांधलेल्या मोऱ्या आणि रस्त्याचे बांध स्फोटाने उडवणे. तिसरा, रस्त्यात व अडथळ्यांभोवती सुरुंग पेरणे. यांतील बहुतेक जागा आसपासच्या उंचवट्यांवरील मशीनगनच्या माऱ्यात होत्या. त्यामुळे अडथळ्यापाशी थांबणारा प्रत्येक माणूस शत्रूला आयता दिसत असे.

असे अडथळे दूर करण्याचे काम घाईने करता येत नाही. सुरुंग शोधताना सॅपर जमिनीवर गुडघे टेकून वा पालथे पडून सरकतो आणि संगिनीसारख्या टोकदार वस्तूने माती तिरपी टोचत जातो. टोक कठीण वस्तूला लागले की हाताने माती बाजूला करून सुरुंग उघडा करायचा आणि निकामी करायचा किंवा जागीच उडवायचा. रणगाडाविरोधी सुरुंग जड वजनाखाली फुटतो, तर माणसांसाठी पेरलेला सुरुंग पावलाच्या हलक्या दाबानेही फुटू शकतो. आडव्या झाडांना स्फोटके बांधून त्यांचे तुकडे करावे लागतात. फुटलेल्या मोरीच्या जागी नवी मोरी बांधायला वेळ नसतो, म्हणून शेजारचा उतार खणून, दगड-माती भरून तात्पुरता वळणमार्ग काढतात. हे सारे एकाग्रतेचे आणि स्थिर हातांचे काम आहे. अंगावर गोळ्या येत असतानाही हातातले काम तितक्याच सावधपणे चालू ठेवावे लागते.

पहिला दिवस : ८ एप्रिल

राजौरीवरील चढाईची सुरुवात ८ एप्रिल १९४८ रोजी झाली. डोग्रा रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनने नौशेऱ्याच्या उत्तरेस सुमारे ११ कि.मी.वर असलेल्या बरवाली कड्यावर हल्ला करायचा होता. राणे यांची अभियंता तुकडी या बटालियनच्या मदतीला देण्यात आली होती. नादपूर दक्षिण या ठिकाणी, रस्त्यालगत, त्यांची माणसे सुरुंग काढण्याच्या कामाला हात घालणार इतक्यात शत्रूच्या उखळी तोफांचा जोरदार मारा सुरू झाला. दोन जण जागीच ठार झाले आणि पाच जण जखमी झाले. जखमींत स्वतः राणेही होते.

राणे यांनी तुकडीची लगेच फेररचना केली आणि रणगाड्यांना पुढे जाता यावे म्हणून काम पुन्हा सुरू केले. दिवसभर ते मशीनगन व उखळी तोफांच्या माऱ्यात रणगाड्यांच्या जवळच होते. दुपारी साडेचारच्या सुमारास डोग्रा सैनिकांनी बरवाली कडा जिंकला. आसपासचा भाग शत्रूपासून पुरता मोकळा झालेला नाही, हे राणे यांना माहीत होते. तरीही त्यांनी आपली माणसे पुढे नेली आणि रणगाड्यांसाठी वळणमार्ग काढायला घेतला. शत्रूच्या नजरेसमोर आणि मशीनगनच्या माऱ्याखाली हे काम रात्री दहापर्यंत चालले.

दुसरा दिवस : ९ एप्रिल

९ एप्रिलला सकाळी सहा वाजता काम पुन्हा सुरू झाले आणि दुपारी तीन वाजता वळणमार्ग तयार झाला. रणगाड्यांचा तांडा निघाला तेव्हा राणे सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या लहान चिलखती वाहनात बसले. सुमारे अर्धा मैल गेल्यावर चीडाची झाडे टाकून केलेला पहिला अडथळा लागला. राणे यांनी खाली उतरून तो स्फोटाने उडवला. आणखी तीनशे यार्डांवर तोच प्रकार झाला.

तोवर संध्याकाळचे पाच वाजत आले होते. रस्ता डोंगराभोवती सापासारखा वळत होता. पुढचा अडथळा होता उडवलेल्या मोरीचा. राणे काम सुरू करणार तोच मशीनगन कडाडल्या. त्या माऱ्यातच त्यांनी वळणमार्ग काढला आणि तांडा पुढे नेला. वाटेत आणखी अडथळे आले, तेही त्यांनी उडवले. सव्वासहाच्या सुमारास उजेड मावळू लागला असताना समोर पाच मोठ्या झाडांचा अडथळा उभा राहिला. भोवती सुरुंग पेरलेले होते आणि वर मशीनगनचा मारा होता. राणे यांनी सुरुंग काढायला सुरुवात केली. परंतु परिस्थिती ओळखून रणगाड्यांच्या प्रमुखाने तांडा रात्रीसाठी सुरक्षित जागी मुक्कामाला नेला.

तिसरा दिवस : १० एप्रिल

१० एप्रिलला पहाटे पावणेपाच वाजता, रणगाड्यांच्या एका लहान तुकडीच्या आधाराने, राणे पुन्हा त्याच पाच झाडांच्या अडथळ्याशी आले. मशीनगनचा मारा सुरूच होता. पावणेदोन तासांत, साडेसहापर्यंत, तो अडथळा दूर झाला. त्यापुढचे एक हजार यार्ड, म्हणजे साधारण नऊशे मीटर, ठिकठिकाणी टाकलेले अडथळे आणि उडवलेले बांध यांनी भरलेले होते. साऱ्या भागावर शत्रूचा मारा होता. तो टापू पार करायला चार तास लागले. साडेदहा वाजता वाट मोकळी झाली.

यानंतर रणगाड्यांनी रस्ता सोडला आणि तवी नदीच्या पात्रातून पुढे जाऊन दुपारी दोन वाजता चिंगस गाठले. दिलेले काम एका अर्थाने येथे पूर्ण झाले होते. परंतु रणगाडे पट्ट्यांवर चालतात, म्हणून नदीच्या दगडगोट्यांतूनही जाऊ शकतात. अन्न, इंधन, दारूगोळा आणि औषधे आणणाऱ्या चाकांच्या मोटारींना रस्ताच लागतो. त्या मोटारी मागे अडकल्या असत्या, तर पुढे गेलेले रणगाडे इंधन आणि दारूगोळा संपताच निरुपयोगी झाले असते. हे ओळखून राणे रस्त्यावरच थांबले आणि अन्न वा विश्रांती न घेता रात्री नऊपर्यंत तो मोकळा करत राहिले. त्या दिवशी त्यांच्या कामाला पहाटे सुरुवात होऊन सव्वासोळा तास झाले होते.

चौथा दिवस : ११ एप्रिल

११ एप्रिलला सकाळी सहा वाजता काम पुन्हा सुरू झाले. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीला खुला झाला. राणे तेथे थांबले नाहीत. चिंगसच्या पुढचा रस्ता साफ करण्याचे काम त्यांनी रात्री दहापर्यंत केले. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिल १९४८ रोजी, भारतीय सैन्याने राजौरीत प्रवेश केला.

या मोहिमेची एक गोष्ट राणे यांच्यासंबंधीच्या लेखनात नेहमी सांगितली जाते. सुरुंग पेरलेल्या भागात राणे पुढच्या रणगाड्याच्या खाली शिरून त्याच्याबरोबर सरकत राहिले आणि दोरीच्या इशाऱ्यांनी चालकाला सुरक्षित वाट दाखवत गेले, अशी ती कथा आहे. गौरवपत्रातील तपशील मात्र वर दिलेल्या चार दिवसांच्या कामाचा आहे.

राजौरीची मुक्तता

राजौरीत शिरलेल्या सैन्याला हत्याकांडाच्या भीषण खुणा आढळल्या. प्रेतांनी भरलेले खड्डे तेथे होते. आसपासच्या डोंगरांत लपून राहिलेले लोक सैन्य आल्याचे कळताच परत येऊ लागले. रस्ता उघडायला आणखी काही दिवस लागले असते, तर हाती सापडलेल्या उरलेल्या लोकांचे काय झाले असते याची कल्पना या दृश्यावरून येते. राणे यांनी चार दिवस अखंड काम का केले, याचेही उत्तर त्यात आहे. चिंगस आणि राजौरी यांच्या दरम्यानच्या अनेक नागरिकांचे प्राण वाचण्याचे श्रेय या जलद चढाईला दिले जाते. राजौरीच्या मुक्ततेची आठवण म्हणून तेथे दरवर्षी १३ एप्रिल हा राजौरी दिन म्हणून पाळतात. युद्धात बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ शहरात बलिदान भवन उभे आहे.

परमवीर चक्र

भारत प्रजासत्ताक झाल्यावर २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही युद्धकाळातील शौर्यपदके स्थापन करण्यात आली. १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांसाठी ती पूर्वलक्षी प्रभावाने देण्याचे ठरले. राणे यांचे परमवीर चक्र २१ जून १९५०च्या राजपत्रात प्रसिद्ध झाले. त्याची प्रभावी तारीख ८ एप्रिल १९४८ ही होती. म्हणजे पदक स्थापन झाले त्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी ते काम होऊन गेले होते.

१९४७-४८च्या युद्धासाठी पाच जणांना परमवीर चक्र देण्यात आले : मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंह, सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कंपनी हवालदार मेजर पीरू सिंह आणि लान्स नाईक करम सिंह. पराक्रमाच्या तारखेनुसार राणे यांचा क्रम तिसरा आहे. या पाचांपैकी तिघांना ते मरणोत्तर मिळाले. हयातीत सन्मान स्वीकारणारे दोघे म्हणजे राणे आणि करम सिंह. आजपर्यंत केवळ २१ सैनिकांना हे पदक मिळाले आहे.

जांभळ्या फितीच्या या कांस्यपदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. युरोपात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह केला होता आणि भारतीय संस्कृतीचा सखोल अभ्यास केला होता. पदकाच्या मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा आहेत. देवांच्या विजयासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा या वज्राशी जोडलेली आहे.

भगत आणि राणे

राणे यांच्या पराक्रमाची तुलना बॉम्बे सॅपर्सच्याच दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या कामगिरीशी करता येते. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंह भगत यांनी १९४१ साली ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) आघाडीवर इटालियन सैन्याने पेरलेले सुरुंग सलग चार दिवस काढले. ५५ मैलांच्या वाटेवर १५ सुरुंगक्षेत्रे त्यांनी मोकळी केली आणि त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी होत. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले.

दोघेही त्या वेळी सेकंड लेफ्टनंट होते, दोघांचे दल एकच होते आणि दोघांच्याही कामाची मुदत चार दिवसांची होती. फरक इतकाच की भगत यांनी परक्या साम्राज्याच्या युद्धात आफ्रिकेत वाट मोकळी केली, तर राणे यांनी स्वतंत्र भारताच्या पहिल्या युद्धात. एका अभियंता दलाला व्हिक्टोरिया क्रॉस आणि परमवीर चक्र ही दोन्ही पदके सुरुंग काढण्याच्या कामासाठी मिळावीत, हे वैशिष्ट्यपूर्ण आहे. अभियंता दलाचे बोधवाक्य ‘सर्वत्र’ असे आहे. सैन्य जेथे जाईल तेथे अभियंता आधीच असतो, हा त्याचा आशय या दोन कामगिऱ्यांत प्रत्यक्ष दिसतो.

पुढील जीवन

युद्धानंतर राणे यांनी अभियंता दलातच सेवा सुरू ठेवली. १९५५ साली त्यांचा विवाह झाला. १९६८ साली मेजर या हुद्द्यावर ते निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत त्यांचा पाच वेळा ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, म्हणजे अधिकृत युद्धवृत्तांतात नावानिशी गौरवपूर्ण उल्लेख झाला. निवृत्तीनंतरही सैन्याने त्यांना पुन्हा सेवेत घेतले आणि ७ एप्रिल १९७१ पर्यंत ते काम करत राहिले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये वयाच्या ७६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्मारके

• कारवार येथे रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, आयएनएस चपल या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ, राणे यांचा पुतळा आहे. त्याचे अनावरण ७ नोव्हेंबर २००६ रोजी झाले.

• भारतीय नौवहन महामंडळाने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे दिली. त्यांपैकी एक जहाज ‘लेफ्टनंट रामा राघोबा राणे, पीव्हीसी’ या नावाचे होते. ते १९८४ साली महामंडळाच्या ताफ्यात आले.

• २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान व निकोबार बेटांतील २१ बेटांना परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांची नावे देण्यात आली. त्यांत राणे यांच्या नावाचेही एक बेट आहे.

• नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या परमयोद्धा स्थळात इतर मानकऱ्यांसह राणे यांचा अर्धपुतळा आहे.